विमानवीरांची शिरगणती : एक प्रतिवाद

पहिल्या महायुद्धातील विमानवीरांविषयी येथील मराठी मंडळींपुढे एका व्यासंगी गृहस्थांनी जे विवेचन केले, ते वक्तृत्वाच्या दृष्टीने उत्तम आणि तपशिलाच्या दृष्टीने बव्हंशी निर्दोष होते. परंतु त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष इतका अन्यायाचा आहे, आणि श्रोत्यांपैकी बहुतेकांनी तो इतक्या सहजपणे स्वीकारला, की त्याचा सविस्तर प्रतिवाद करणे मला कर्तव्य वाटते. त्यांचे प्रतिपादन असे : शत्रूची पाच अथवा अधिक विमाने पाडणाऱ्या वैमानिकास ‘एस’ म्हणतात; ही कसोटी निःपक्षपाती होय, कारण ती वंश पाहत नाही, हुद्दा पाहत नाही, घराणे पाहत नाही, केवळ आकडा पाहते; या कसोटीस हिंदुस्थानातून एकटा इंद्रलाल रॉय उतरला आणि महाराष्ट्रातून कोणीच उतरले नाही; सबब त्या युद्धाच्या आकाशाशी मराठी माणसाचा संबंध नाही, आणि असा संबंध जोडू पाहणे हा पोकळ प्रांताभिमान होय. याला पुरवणी म्हणून त्यांनी असेही सांगितले की, खाली खंदकांच्या चिखलात यंत्रे माणसांची कत्तल करीत असता वर आकाशात या मोजक्या वीरांनी क्षत्रियांचे धर्मयुद्ध जिवंत ठेवले होते.

हे प्रतिपादन आवडी येथे व्हावे, याचे मला विशेष दुःख झाले. मद्रासच्या पश्चिमेचे हे गाव इतरांना १९५५ च्या काँग्रेस अधिवेशनामुळे आणि पुढे विजयंता रणगाड्यामुळे ठाऊक आहे. पण येथे हवाई दलाचाही मोठा तळ आहे, आणि त्या तळावरून लढाऊ विमाने झेप घेत नाहीत. येथे दुरुस्तीचे कारखाने आहेत, वाहने चालू ठेवण्याचे शिक्षण आहे, भांडारे आहेत, त्यांच्या नोंदवह्या आहेत. सातारा, सांगली, नाशिक, जळगाव या बाजूंनी आलेली मराठी मुले येथे अंगाला वंगण लावून घेऊन आयुष्याची उमेदीची वर्षे घालवितात. तीच मुले त्या दिवशी श्रोत्यांत बसली होती, आणि आकाशातील युद्धाचा इतिहास म्हणजे पन्नास-शंभर नावांपुढील आकड्यांचे कोष्टक होय, त्यात आपल्यासारख्याला जागा नाही, असे ऐकून त्यांनी माना डोलावल्या. माझा वाद त्या माना डोलावण्याशी आहे.

प्रथम त्या आकड्याच्या निःपक्षपातीपणाकडेच पाहू. पाच हा अंक कोणा रणशास्त्रज्ञाने विचारान्ती ठरविलेला नाही. १९१५ साली फ्रान्सच्या वृत्तपत्रांनी अडॉल्फ पेगू या वैमानिकास पत्त्यांतील एक्क्याची उपमा दिली. खंदकांतून महिनोन्महिने हालचाल नव्हती, वाचकांना चेहरा असलेला पराक्रम हवा होता, सरकारला उत्साह टिकवायचा होता, आणि त्या गरजेतून हा किताब रूढ झाला. इंग्रजांच्या लष्करी खात्याने त्यास अधिकृत मान्यता कधी दिलीच नाही. जर्मनांनी आपला सर्वोच्च सन्मान १९१६ च्या जानेवारीत बोल्के आणि इमेलमान या वैमानिकांना आठ विमाने पाडल्यावर दिला. अवघ्या एका वर्षाने रिख्टहोफेनला तोच सन्मान मिळण्यास सोळा विमाने पाडावी लागली. जी फूटपट्टी एका वर्षात दुप्पट लांब होते आणि सरहद्द ओलांडताच निराळी होते, तिला निःपक्षपाती म्हणण्यास माझे मन धजत नाही.

आणि मोजणीची रीत तरी एक होती काय? फ्रेंचांच्या शिरस्त्याप्रमाणे एक विमान तिघांनी मिळून पाडले तर तिघांच्याही खाती एकेक पूर्ण विजय जमा होई. जर्मन दप्तरात तो एकाच्याच नावे चढे, आणि त्यास पुरावा लागे. इंग्रज वैमानिकाला मात्र एक तिसराच प्रकार उपलब्ध होता : शत्रूचे विमान जळताना वा जमिनीवर आदळताना दिसले नाही, परंतु गिरक्या घेत ढगाखाली गेले, तर ‘ताबा सुटून खाली गेले’ अशी नोंद होई आणि तीही विजयातच धरली जाई. पुष्कळदा असे ‘ताबा सुटलेले’ विमान ढगाखाली सावरून सुखरूप घरी जाई, कारण खोट्या गिरकीने सुटका करून घेणे ही त्या काळातील सर्वपरिचित युक्ती होती. यात इंग्रजांचा अप्रामाणिकपणा होता असे मी म्हणत नाही. त्यांच्यापुढे भूगोलाची अडचण होती. फ्रान्समधील इंग्रजी विमानदलाचे प्रमुख ट्रेंचर्ड यांच्या धोरणामुळे इंग्रजी विमाने सदैव शत्रूच्या हद्दीत घुसून लढत, त्यामुळे पडलेल्या विमानांचे सांगाडे जर्मनांच्या पदरी पडत. जर्मन अधिकारी मोटारीत बसून सांगाड्यावरील क्रमांक टिपून घेई. इंग्रज वैमानिकास मात्र गोळ्या चुकवीत, पश्चिमेकडून वाहणाऱ्या वाऱ्याला तोंड देत, खाली काय झाले याचा अंदाज करीत परतावे लागे. अर्थात ज्या आकड्यांच्या आधारे आज आपण एका देशाच्या वीरास दुसऱ्या देशाच्या वीराशेजारी उभे करतो, ते आकडे एका जातीचे नाहीतच. त्यांची बेरीज नव्हे, तुलनाही होऊ शकत नाही.

खुद्द इंद्रलाल रॉय यांचाच दाखला घ्या. त्यांना मरणोत्तर मिळालेल्या ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ पदकाच्या अधिकृत मजकुरात तेरा दिवसांत नऊ विमाने असा उल्लेख आहे. आज सर्वत्र दहा हा आकडा छापला जातो. आणि त्या दहांतील पाच विमाने ‘उद्ध्वस्त’ व पाच ‘ताबा सुटून खाली गेलेली’ आहेत. जर्मनांची कडक रीत या तरुणास लावली असती तर त्याच्या यादीतील किती नोंदी टिकल्या असत्या, हे आज कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. मग ती यादी आक्रसली असती तर त्याचे शौर्यही आक्रसले असते काय? माझ्या मते त्याचे शौर्य त्या जुलैच्या पंधरवड्यात नाहीच, त्यापूर्वीच्या सात महिन्यांत आहे. ६ डिसेंबर १९१७ रोजी त्याचे विमान कोसळून तो गंभीर जखमी झाला. बरा होत असता बिछान्यावर पडून त्याने विमानांची रेखाचित्रे काढली. डॉक्टरांनी उड्डाणास नालायक ठरविले असता वरिष्ठांच्या मागे लागून तो पुन्हा विमानात बसला. १९१८ च्या जूनमध्ये ४० क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये जॉर्ज मॅकेलरॉयच्या हाताखाली रुजू झाला, आणि २२ जुलैस फोकर विमानांशी झुंजताना मारला गेला. तेव्हा तो १९ वर्षांचा होता. एकदा आकाशातून कोसळलेला मुलगा दुसऱ्यांदा त्याच आकाशात स्वेच्छेने जातो, ही गोष्ट नऊ आणि दहा यांच्या वादाहून कितीतरी मोठी आहे. पण शिरगणती करणाऱ्यास ती दिसत नाही, कारण तिला कोष्टकात रकाना नाही.

याहूनही बोलका दाखला रिख्टहोफेनच्या मृत्यूचा. ऐंशी विजय ज्याच्या नावावर आहेत असा हा त्या युद्धातील सर्वांत नामांकित वैमानिक २१ एप्रिल १९१८ रोजी सोम नदीच्या परिसरात पडला. त्याचा देह हाती होता, विमानाचे तुकडे हाती होते, साक्षीदार शेकड्यांनी होते. विजय कॅनडाच्या रॉय ब्राउन या वैमानिकास बहाल झाला. परंतु पुढील अभ्यासकांपैकी बहुतेकांचे मत असे की, ती प्राणघातक गोळी जमिनीवरून, बहुधा सेड्रिक पॉपकिन या ऑस्ट्रेलियन सार्जंटच्या मशीनगनमधून सुटली. जगातील सर्वाधिक चर्चिलेल्या पाडावाचा धनी कोण हे जर शंभर वर्षांत निर्विवाद ठरत नसेल, तर दहा हजार फुटांवर, धुक्यात, एकट्या माणसाने पाहिलेल्या हजारो पाडावांची बेरीज आपण कोणत्या भरवशावर करतो?

धर्मयुद्धाची जी गोष्ट त्या गृहस्थांनी सांगितली, ती मला अधिक घातक वाटते, कारण ती ऐकावयास गोड आहे. बोल्के याने १९१६ साली आपल्या शिष्यांसाठी जे नियम लिहून ठेवले, ते वाचल्यावर द्वंद्वयुद्धाचा भ्रम राहत नाही. हल्ल्यापूर्वी उंची आणि सूर्य या दोन्हींचा फायदा मिळवा. शत्रूवर मागून जा. अगदी जवळ गेल्याखेरीज गोळी झाडू नका. म्हणजे शत्रूला आपण दिसण्यापूर्वीच तो मेला पाहिजे, हे त्या शास्त्राचे सार आहे. मारल्या गेलेल्यांपैकी पुष्कळांना आपल्या मागे कोणी आहे याची वार्ताही नव्हती. पाडली जाणारी विमानेही बहुधा तुल्यबळ नसत. रिख्टहोफेनच्या विजयांचा मोठा भाग टेहळणीच्या, छायाचित्रे घेणाऱ्या वा तोफांना नेम सांगणाऱ्या दोन-आसनी संथ विमानांचा आहे. यात त्याची निंदा नाही. ज्या मातीत गनिमी कावा हे युद्धशास्त्र म्हणून वाढले, त्या मातीतील वाचकास, संख्येने अथवा साधनाने सबळ शत्रूला बेसावध गाठणे यात लाज नाही, हे समजाविण्याची गरज नसावी. माझे म्हणणे एवढेच की जे होते ते त्या नावाने सांगावे. ज्या इंग्रज वैमानिकांना सबंध युद्धात पॅराशूट देण्यात आले नाही, आणि म्हणून पेटलेल्या विमानात जळावे की उडी टाकावी एवढाच पर्याय ज्यांच्यापुढे उरे, त्यांच्या मृत्यूवर धर्मयुद्धाची शाल पांघरणे हा त्या मुलांचा गौरव नव्हे. १९१७ च्या एप्रिलमध्ये आरासच्या लढाईत इंग्रजांनी एका महिन्यात २४५ विमाने गमावली. त्यांतील बहुसंख्य माणसे एस नव्हती, एसांच्या यादीतील आकडे होती.

आता मुख्य मुद्दा. विमानयुद्ध हे कशासाठी होते? तोफखान्याला डोळे हवे होते म्हणून टेहळणीची विमाने गेली. ती पाडण्यासाठी वा राखण्यासाठी लढाऊ विमाने निर्माण झाली. लढाऊ वैमानिक हा त्या व्यवस्थेचा पहारेकरी होता, धनी नव्हता. पण कामाचे फळ देणारा निरीक्षक, नकाशावर खंदकाची नवी रेघ आणून देणारा छायाचित्रकार, यांची यादी कोणी ठेवली नाही, आणि जमिनीवरील माणसाची तर नाहीच नाही. पालखीचे वर्णन करून भोयांना वगळावे तसा हा प्रकार आहे. पात्यांच्या फिरण्यातून गोळी नेमकी सुटावी म्हणून जी संयोजक यंत्रणा १९१५ मध्ये फोकरने प्रत्यक्षात आणली, तिच्यामुळे इमेलमान इमेलमान झाला. आणि १९१६ च्या जूनमध्ये तो मेला तो त्याच यंत्रणेच्या बिघाडाने स्वतःचे पाते फुटून, असे जर्मनांचे म्हणणे होते. गोळ्यांचे पट्टे अडकत, तारा सैल पडत, एंजिने हवेत बंद पडत. ज्याच्या कारागिराने आदल्या रात्री कंदिलाच्या उजेडात प्रत्येक काडतूस मापून पाहिले, तो वैमानिक सकाळी जिवंत परते.

या बाबतीत जेम्स मॅककडनचे चरित्र आमच्या येथील प्रत्येक कारागिराने वाचावे. १९१३ साली तो रॉयल फ्लाइंग कोअर या इंग्रजी विमानदलात यांत्रिक म्हणून दाखल झाला. एंजिने खोलणे-जोडणे हा त्याचा व्यवसाय होता. तेथून निरीक्षक, तेथून वैमानिक, आणि अखेर व्हिक्टोरिया क्रॉस व ५७ विजय अशी त्याची चढण आहे. आपल्या एस. ई. ५ विमानाच्या एंजिनात त्याने अधिक दाबाचे पिस्टन बसवून घेतले, त्याच्या बंदुका तो स्वतः तपासी, आणि त्यामुळे इतरांना जी उंची गाठता येत नसे तेथे उडणारी जर्मन टेहळणी विमाने त्याने गाठली. त्याची कीर्ती तलवारबाजाची वाटते, पण ती वस्तुतः कारखान्यातील माणसाची आहे. ९ जुलै १९१८ रोजी, शत्रूच्या गोळीने नव्हे, उड्डाण करताच एंजिन बंद पडून त्याचा अंत झाला. ज्यांना एंजिनाचे काम दुय्यम वाटते त्यांनी या मृत्यूचा विचार करावा.

महाराष्ट्राचा संबंध नव्हता, असे म्हणणाऱ्यांनी मेसोपोटेमियाकडेही पाहिलेले दिसत नाही. डिसेंबर १९१५ पासून कुत-अल-अमारा येथे तुर्कांच्या वेढ्यात सापडलेली फौज ही सहावी पुणे डिव्हिजन होती; तीत १०३ आणि ११० क्रमांकांच्या मराठा लाइट इन्फन्ट्री पलटणी व ११७ वी मराठा पलटण होती. कोकणातले आणि देशावरले शेतकरी तैग्रिसच्या काठी घोड्याच्या मांसावर आणि मूठभर धान्यावर दिवस काढीत होते. १९१६ च्या एप्रिलमध्ये, वेढा फोडण्याचे प्रयत्न फसल्यावर, ३० क्रमांकाच्या स्क्वाड्रनच्या आणि नाविक दलाच्या विमानांनी पंखांखाली पिशव्या बांधून तेथे आकाशातून रसद टाकली : दोन आठवड्यांत सुमारे १९,००० पौंड. वेढलेल्या फौजेस विमानांनी अन्न पुरविण्याचा जगाच्या इतिहासातील हा पहिला मोठा प्रयत्न होय. ओझ्याने वाकलेली ती कमकुवत विमाने जर्मनांच्या फोकरपुढे निराधार होती; काही पिशव्या नदीत, काही शत्रूच्या हद्दीत पडल्या; रसद अपुरी पडली, आणि २९ एप्रिलला कुत पडले. कैदेच्या वाटेवर आणि कैदेत त्या फौजेतील हजारो लोक मेले. त्या वैमानिकांपैकी कोणाचे नाव एसांच्या यादीत या कामगिरीमुळे चढले नाही. परंतु आकाशातून पडणाऱ्या पिठाच्या पिशवीकडे डोळे लावून बसलेला तो मराठा शिपाई, आणि ती पिशवी पोहोचविण्यासाठी निःशस्त्रप्राय विमान शत्रूच्या माथ्यावर नेणारा तो वैमानिक, यांचा विमानयुद्धाच्या इतिहासाशी संबंध नाही असे मानायचे, तर तो इतिहास कोणाचा आहे हेच मला समजत नाही.

आणि महाराष्ट्रातून कोणी उडालेच नाही, हे तर सरळ चुकीचे आहे. श्रीकृष्ण वेलिंगकर हे नाव त्या व्याख्यानात उच्चारले गेले नाही, कारण त्याच्यापुढे आकडा नाही. मुंबईचा हा तरुण केंब्रिजमध्ये शिकला, फ्लाइंग कोअरमध्ये शिरला, आणि १९१८ च्या उन्हाळ्यात फ्रान्समधील २३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन विमान चालवीत होता. हे विमान वेगवान होते, पण त्याच्या रचनेत वैमानिकाचे डोके वरच्या पंखाच्याही वर येई, त्यामुळे उतरताना विमान उलटले तर प्रथम त्याची मान मोडण्याचे भय असे. शिवाय त्याच्या हिस्पानो-सुइझा एंजिनाच्या गियरांनी यांत्रिकांना भारी त्रास दिला. २७ जून १९१८ रोजी गस्तीवर गेलेला वेलिंगकर परतला नाही. तो शत्रूच्या हद्दीत जखमी अवस्थेत पडला, आणि ३० जूनला जर्मनांच्या ताब्यात असताना मरण पावला. सोमच्या परिसरातील हँगार्ड येथील स्मशानभूमीत त्याची समाधी आहे.

त्याच्या समकालीनांतील हरदित सिंग मलिक यांचीही हीच कथा वेगळ्या शेवटाची आहे. ऑक्सफर्डच्या या शीख विद्यार्थ्यास प्रथम प्रवेश मिळेना, म्हणून तो फ्रेंच रेडक्रॉसची रुग्णवाहिका चालवू लागला. त्याच्या गुरुजनांनी रदबदली केल्यावर १९१७ च्या एप्रिलमध्ये त्याची नेमणूक झाली. पगडीवर बसेल असे मोठे शिरस्त्राण करवून घेऊन तो उडाला. २६ ऑक्टोबर १९१७ रोजी खराब हवेत बार्कर या आपल्या तुकडीप्रमुखाबरोबर शत्रूच्या हद्दीत गेला असता त्याच्या पायात गोळ्या घुसल्या, आणि तशाच स्थितीत त्याने विमान आपल्या हद्दीत आणून टाकले. कलकत्त्याचा एरॉल सेन त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये जर्मनांच्या कैदेत पडला. मलिक, सेन, रॉय, वेलिंगकर : एक जायबंदी, एक बंदी, दोन मृत. यांपैकी तिघांना कोष्टकाबाहेर ठेवणारी कसोटी वंश पाहत नाही, असे म्हणता येईल काय? सैन्यातील अधिकारपदे शुद्ध युरोपीय वंशाच्या माणसाकरिताच राखलेली असावीत हा तेव्हाचा रिवाज. या चौघांना तात्पुरत्या नेमणुका मिळाल्या त्या माणसे कमी पडू लागली तेव्हा, युद्ध उतरणीस लागल्यावर. ज्यांना दार तीन वर्षे बंद होते आणि शेवटच्या वर्ष-दीड वर्षात किलकिले झाले, त्यांच्या खात्यावरील विजय मोजून आपल्या समाजाचे तेज ठरविणे, म्हणजे दार लावणाऱ्याचा हिशेब खरा मानणे होय. युद्ध संपताच ते दार पुन्हा लागले. हिंदी हवाई दल स्थापन झाले ते ८ ऑक्टोबर १९३२ रोजी. त्याची पहिली तुकडी १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोड येथे चार वापिती विमानांनिशी उभी राहिली, आणि तिच्या मोजक्या वैमानिकांबरोबर ‘हवाई शिपाई’ म्हणविले जाणारे तंत्रज्ञही पहिल्या दिवसापासून होते. आवडीतील मराठी कारागिरांची परंपरा त्या हवाई शिपायांपासून सुरू होते. ती एसांच्या यादीइतकीच जुनी नसेल, पण हवाई दलाइतकी जुनी निश्चित आहे.

इंद्रलाल रॉय यांच्या जन्मशताब्दीस, १९९८ साली, भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले, हे योग्यच झाले. वेलिंगकरांविषयी मराठीत स्वतंत्र चरित्र नाही, शालेय पुस्तकांत दोन ओळी नाहीत, आणि मुंबईच्या शाळकरी मुलास ते नाव सांगितल्यास त्याला ते ठाऊक असण्याचा संभव नाही. ही उणीव भरून काढणे आपल्या हातचे आहे. मुंबईत, पुण्यात वा गोव्यात ज्यांच्या घरी या तरुणाची, अथवा कुतच्या वेढ्यातील मराठा शिपायांची पत्रे, छायाचित्रे, लष्करी खात्याच्या तारा जुन्या ट्रंकांतून पडल्या असतील, त्यांनी त्या वाळवीच्या हवाली न करता मुंबईच्या पुराभिलेख संचालनालयाच्या वा एखाद्या इतिहास-संशोधन संस्थेच्या हवाली कराव्यात. आणि जे कोणी मराठी प्रवासी फ्रान्सला जातील, त्यांनी पॅरिसहून उत्तरेस सोमपर्यंतचा अर्धा दिवस काढून हँगार्डच्या त्या समाधीचे दर्शन घ्यावे.